बाजूला सरणारी पोरं

“ही धर. यंदापासनं तूबी पंच,” असं म्हणून बापू जंगमानं एक कोरी शिट्टी माझ्या तळहातावर ठेवली. दोरीसकट आणली होती. गळ्यात घालायची तेवढी बाकी होती.

आम्ही भैरोबाच्या देवळामागं सावलीला बसलो होतो. जत्रेचा दुसरा दिवस. आमच्या बेलदरवाडीत पहिल्या दिवशी पालखी आणि कुस्त्या होतात. दुसऱ्या दिवशी ऊन कललं, की शाळेच्या मैदानात कबड्डी असते, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. हरतील त्यांनी संध्याकाळच्या पंगतीत जिंकलेल्यांना वाढायचं आणि वाढताना ते जे टोमणे मारतील ते मुकाट ऐकून घ्यायचे, असा रिवाज आहे. माझं लग्न झाल्यापासून मी हा सामना चुकवला नव्हता. लग्नाआधी पलीकडच्या बाजूनंही चुकवला नव्हता.

“मी खेळणार हाय,” मी म्हणालो.

“सर्जेराव, बावन्न झाली तुला.”

“आन् तुला?”

“म्हणून तर खुर्चीत बसतोय. डोक्यावर सावली असती, चहा जाग्यावर येतो.” बापूनं दुखरा गुडघा लांब केला. एके काळी आम्ही दोघं एकाच संघात होतो. त्यानं घोटा धरला, की भलेभले तोंडावर आपटायचे. गुडघा गेला आणि त्यानं शिट्टी धरली. “पोरं आता पहिल्यासारखी ऱ्हायली न्हाईत. जिमला जात्यात. एखादा अंगावर पडला, तर पोत्यात भरून न्यावं लागंल तुला.”

मी शिट्टी त्याच्या सदऱ्याच्या खिशात परत घातली. तो हसला.

“बरं, असं कर,” तो म्हणाला. “आज एक गडी मारून दाखीव. मारलास, तर परत तुझ्या वयाचं नाव काढणार न्हाई. न्हाई जमलं, तर मुकाट्यानं माझ्या शेजारी खुर्ची टाकायची.”

“एकच?”

“एकच.”

मी हो म्हणालो, पण मनात पाल चुकचुकली. बापूनं आयुष्यात कधी कुणाला सोपी अट घातलेली मला आठवत नव्हती.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. मी एसटीत तिकीट तपासनीस होतो. माणसानं तिकीट काढलंय की नाही, हे मला त्याच्या खिशावरून नाही, मानेवरून कळायचं. ज्यानं काढलेलं नसतं, तो खिडकीबाहेर फार मन लावून बघतो, जणू बाहेरचा ऊस त्यानं जन्मात पाहिला नाही. अशी नोकरी वर्षानुवर्षं केली, की माणूस कामातून जातो. घरी आमटीत मीठ कमी पडलं, तरी मला वाटायचं, ह्यात कुणाचा तरी डाव आहे.

त्याआधीच्या हिवाळ्यात मला भर गाडीत चक्कर आली होती. कंडक्टरनं गाडी थेट तालुक्याच्या दवाखान्याच्या दारात नेली. निघालं काय, तर पित्त. पण तेव्हापासून जग माझ्याशी वेगळं वागायला लागलं. माझ्या हातातली पिशवी कुणीही ओढून घ्यायचं. डेपोत मला जवळचे मार्ग मिळायला लागले. एकदा मी तिकिटं तपासत असताना एक मुलगी उठून म्हणाली, “काका, बसा.” तपासनिसाला बसायला जागा देतात, ह्यापरता अपमान कुठला? दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे कालव्याच्या कडेनं पळायला लागलो. येऊन जोर, बैठका. श्वास कोंडून दम वाढवायचा. सहा महिने हे चाललं होतं आणि सहा महिने माझी बायको शालन माझ्यासाठी अंडी उकडत होती आणि बोलत होती.

“हाडं मोडून घ्यायची हौस आलीया,” ती म्हणायची. “कुठंतरी मुरगाळून पडशिला, मग मलाच मेलीला शेक द्यावा लागंल.”

चक्कर आली त्या दिवशी ती दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली होती. ती मला सुखासुखी मैदानात उतरू देईल, ह्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

त्यामुळं देवळातून घरी येताना गोठ्यापाशी जे दिसलं, त्यानं माझे कान उभे राहिले. शालन आणि माझा पुतण्या धैर्यशील उभे होते. धैर्या म्हणजे बिनलग्नाच्यांचा कप्तान. जिल्ह्याच्या संघात खेळलेला, अंगानं दणकट, बापूनंतर घोटा धरावा तर त्यानं. शालन त्याच्या दंडाला धरून घाईघाईनं काहीतरी सांगत होती. तो मान हलवून नाही नाही म्हणत होता. मला बघितलं आणि दोघंही गप्प झाले.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“कुठं काय,” शालन म्हणाली. “नारळाचं सांगत हुते. पाच नारळ आण म्हटलं.”

“व्हय आण्णा, नारळ,” धैर्या म्हणाला आणि गोठ्याच्या छपराकडं बघायला लागला. त्या छपरात बघण्यासारखं काही नव्हतं.

नारळाला एवढं दंडाला धरून कोण सांगतं? जेवताना मी सगळा हिशेब जुळवला. हिनं पोराला गळ घातली असणार. आण्णाला धरू नका, आण्णावर पडू नका. आणि बापूची ती सोपी अट. कुठंतरी पाणी मुरत होतं आणि ते माझ्याच घरात मुरत होतं. मला गडी मारायचा होता तो स्वतःच्या जोरावर. कुणी ताटात वाढलेला नको होता.

ऊन कललं तसं मैदान भरलं. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, शाळेच्या भिंतीवर पोरासोरांची रांग. हलगी वाजत होती. बापू खुर्चीत बसला होता आणि खरंच त्याच्या हातात चहा होता. मी चड्डी-बनियनवर उतरलो तेव्हा कुणीतरी शीळ घातली. आमचा कप्तान महादू शिंपी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “पयली चढाई आण्णाची!”

मी मातीला हात लावला, कपाळाला लावला आणि कबड्डी, कबड्डी करत मध्यरेषा ओलांडली.

समोर इरफान मुल्ला होता. पोरगा तालमीतला, मान रेड्यासारखी. मी डावीकडं झुकलो, उजवीकडून हात टाकला आणि तो त्याच्या खांद्याला लागला. परत फिरलो. रेषेवर आलो. गडी बाद! बाप्यांची बाजू उसळली, हलगी कडाडली. एका चढाईत मी अट जिंकलो होतो. बापूनं खुर्चीतूनच दोन्ही हात जोडून मला दाखवले.

पण इरफान हलला का नाही? माझा हात येताना त्यानं बघितला होता. तालमीतला पोरगा खांदा मागं घेणार नाही?

दुसऱ्या चढाईला मी मुद्दाम खोल गेलो, कोपऱ्यापर्यंत. तिथं धैर्या होता. मी एक पाय त्याच्या पुढ्यात सोडला, अगदी पाहुण्याला पाट द्यावा तसा. त्याचा हात सवयीनं खाली आला. घोट्यापाशी आला आणि थांबला. घोट्याला वारा लागला, हात लागला नाही. मी त्याच्या पाठीला शिवून परत आलो. दुसरा गुण. बायांमधून कुणीतरी ओरडलं, “सर्जेराव आण्णा अजून तरणा हाय गं!” सगळं मैदान हसलं. मला मात्र ते हसू कानात तापलेलं तेल ओतल्यासारखं लागलं.

मग मी एक गोष्ट केली. तिसऱ्या चढाईला त्यांच्या मैदानाच्या मधोमध जाऊन मी थांबलो आणि दम सोडून दिला. कबड्डी म्हणणं बंद. सगळ्यांना दिसेल असा भरपूर श्वास आत घेतला, बाहेर सोडला, मनगटानं कपाळ पुसलं. कबड्डी खेळणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, की दम तुटला की चढाई करणारा बाद. उरलेली पोरं माझ्याभोवती उभी होती. एकानंही हात वर केला नाही. मी बापूकडं बघितलं. बापू देवळाच्या कळसाकडं बघत होता, अगदी मन लावून. बिनतिकिटाचा माणूस उसाकडं बघतो तसा.

जाताजाता एकाच्या खांद्याला हात लावून मी चालत परत आलो. पळायची गरजच नव्हती. त्या चढाईचासुद्धा गुण लावला त्यांनी.

मध्यंतराला महादू नाचत होता. “आण्णा, आज वाघ हाय तुमी! वाघ!” मी कडुलिंबाखाली एकटाच जाऊन बसलो. सहा महिने पहाटे अंधारात पळालो ते ह्यासाठी? पोरांनी बाजूला सरून वाट द्यावी म्हणून? पकडले गेलो असतो, माती खाल्ली असती, तर निदान खेळलो असं तरी म्हणता आलं असतं.

तेवढ्यात शालन दिसली. डोक्यावर पदर, कमरेवर पाण्याची कळशी. ती आमच्या बाजूला आली नाही. सरळ बिनलग्नाच्यांकडं गेली. बायको माझी आणि पाणी त्यांना! पोरं ओंजळी करून पाणी प्यायला लागली आणि ती वाकून बोलायला लागली. हात हलवून हलवून बोलत होती. एकदा तिनं माझ्याकडं बोट केलं. पोरांनी माना खाली घातल्या. धैर्यानं माझ्याकडं बघितलं आणि पटकन नजर वळवली.

एवढा ढळढळीत पुरावा मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. बजावत होती ती त्यांना, अजून अर्धा खेळ आहे, सांभाळून घ्या. माझा असा संताप झाला, की उठावं आणि ती कळशी पायानं उडवावी. भर मैदानात नवऱ्याला लाचार केलं हिनं. इतकी वर्षं एका घरात काढून हिला एवढं कळू नये?

दुसऱ्या डावात मी मागंच उभा राहिलो. चढाईला जा म्हटलं, की तरण्या लग्नवाल्यांना पुढं करायचो. पण खेळ असा रंगला, की संपत आला तेव्हा दोन्ही बाजूंचे गुण सारखे होते आणि शेवटची चढाई आमची होती. महादूनं आजूबाजूला न बघता माझं नाव घेतलं. “आण्णा, तुमीच. आज तुमच्या अंगात भैरोबा आलाय.”

मी मनाशी ठरवून टाकलं. ही शेवटची. जायचं, ही पोरं देतील तो गुण भिकेसारखा पदरात घ्यायचा, परत यायचं आणि सगळ्यांसमोर बापूच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं. पुन्हा ह्या मातीत पाय ठेवायचा नाही. कालव्यावरही जायचं नाही. घरात बसून म्हातारं व्हायचं, सगळ्यांची इच्छा तीच आहे तर.

कबड्डी, कबड्डी करत मी गेलो. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळं समोरचं नीट दिसतही नव्हतं. कोपऱ्यात धैर्या दिसला. त्याच्याकडं मी नुसता हात लांबवला, निष्काळजीपणानं, वाढप्यापुढं ताट करावं तसा.

आणि माझा घोटा कुणीतरी कचकन धरला.

आधी मला कळलंच नाही. मग धैर्याच्या बोटांचा जोर हाडापर्यंत गेला आणि अंगातून वीज गेली. पोरगं खरं धरत होतं! मी पाय झटकला. सुटला नाही. उजवीकडून इरफान कमरेला येऊन भिडला, मागून आणखी एक आला. मी पडलो नाही. कसा पडलो नाही ते भैरोबाला ठाऊक. तिघांना घेऊन मी रेषेकडं वळलो. एक पाऊल ओढलं, आणखी एक ओढलं. बाया-बाप्ये सगळे उठून उभे राहिले होते, हलगीवाला वाजवायचं विसरला होता. मग धैर्यानं घोटा उचलला, बापू उचलायचा तसाच, आणि मी तोंडावर आपटलो. अंगावर एक, दोन, किती पोरं आली कुणास ठाऊक. बरगडीत काहीतरी चमकलं. हात लांब केला. रेषा बोटांपासून वीतभर होती. ती वीत काही सरली नाही. दम होता तोवर मी मातीत तोंड घालून कबड्डी म्हणत राहिलो आणि मग दम संपला.

शिट्टी झाली. सामना आम्ही हरलो.

पोरं भराभर अंगावरून उठली. धैर्याचा चेहरा पांढरा पडला होता. “आण्णा, लई लागलं काय?”

मला बोलता येईना. तोंडात माती होती, श्वास घेतला की कळ येत होती आणि मला हसू फुटत होतं. खरं सांगतो, लेकाच्या लग्नातसुद्धा मी एवढा आनंदलो नव्हतो. मी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. “घोटा कुणी शिकवला रं तुला?”

“बापूकाकानं,” तो म्हणाला आणि रडवेला हसला.

संध्याकाळी पंगतीत मी वाढायला होतो. आमटीची बादली माझ्याकडं होती आणि पोरं जराही गय करत नव्हती. “आण्णा, वाकून वाढा की!” “आण्णा, मातीची चव कशी हुती? आमटीपरास बरी?” मला वाकता येत नव्हतं, तरी मी वाढत होतो. प्रत्येक टोमणा मला गोड लागत होता.

बापू पानावर बसला होता. त्यानं माझा हात धरून थांबवलं. “तरीबी अट तू जिंकलास. गडी मारलास तू.”

“त्ये गडी बिनतिकिटाचं हुतं, बापू. धरू नगंस,” मी म्हणालो. “पुढच्या साली उतरणार मी. खरा गडी मारंपतोर उतरणार.”

बापूनं मान खाली घालून भात कालवायला घेतला. त्याच्या मानेवरून मला कळलं, की ह्याचंही अंग त्यात होतं. पण मला कोडं वेगळंच पडलं होतं. पोरांना सोडायचं होतं, तर शेवटच्या चढाईला धरलं का? शालननं एवढं बजावून सांगूनही?

रात्रभर मी कूस बदलू शकलो नाही, म्हणून सकाळी शालन मला तालुक्याला डॉक्टरकडं घेऊन गेली. वाटेत मी तिला काही विचारलं नाही. चोरी पकडायची, तर आधी समोरच्याला बोलू द्यावं, हा माझा नियम होता.

डॉक्टर चाळिशीचा, चष्म्याचा. त्यानं छातीचा फोटो काढला, उजेडाला धरला आणि पेनानं दाखवलं. “ही बघा. बरगडीला चीर गेलीय.”

“नक्की गेलीय ना?” मी विचारलं.

“म्हणजे? दिसतेय की स्पष्ट.” त्यानं माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. “आजोबा, हे वय आहे का कबड्डीचं? आणि ती पोरं तरी कसली? वडीलधाऱ्या माणसाच्या अंगावर पडायला कुणी सांगितलं त्यांना?”

“मी,” शालन म्हणाली.

मी मान वळवायला गेलो आणि बरगडीतून कळ आली.

“काल सकाळीच सांगितलं हुतं धैर्याला,” ती डॉक्टरला सांगत होती, माझ्याकडं न बघता. “म्हटलं, चुलत्याला सोडू नगंस. तर म्हणतोय, काकी, माझ्या हातनं व्हायचं न्हाई. बापूभावजींनी सगळ्यास्नी सांगून ठिवलंय, आण्णाला दोन-चार गुण द्या आन् खूश करून घरी लावून द्या. ऐकंचनात पोरं. मग मधल्या सुट्टीत पाणी घिऊन गेले आन् चांगली खडसावली.”

“काय म्हणालीस?” मी विचारलं.

“म्हटलं, आरं, मेलेल्या माणसाला बाजूला सरून वाट देत्यात. ह्यो माणूस अजून जित्ता हाय. सा म्हैनं पाटंचं उठून अंडी उकडल्यात म्या. धरा त्यास्नी.”

डॉक्टर फोटो खाली ठेवून आमच्याकडं बघत राहिला. बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता. शालननं पदर तोंडाला लावला.

“तुमी खाली पडला,” ती म्हणाली, आता माझ्याशी, “आन् वर ती सगळी धुडं पडली, तवा म्या डोळं गच्च मिटून घेतलं. म्हटलं, मीच मारलं ह्यास्नी. उघडायची हिंमतच हुईना.”

“मग कवा उघडलं?”

“तुमचा आवाज आला तवा,” शालन म्हणाली. “खालनं तुमचं कबड्डी, कबड्डी चालूच हुतं.”